चिखलदऱ्याचा घाट आणि पाचवं चाक

मानवाच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे चाकाचा इतिहास, असं शाळेत शिकवतात. ते अर्धंच खरं आहे. चाक फिरवायला फारशी अक्कल लागत नाही. ते हवं तिथे थांबवता येऊ लागलं तेव्हा संस्कृतीची खरी सुरुवात झाली. हा विचार मला नागपूरच्या व्हेरायटी चौकात, एका ई-रिक्षाच्या पाठीला माझ्या गाडीचं नाक टेकल्यावर सुचला.

टेकलं म्हणजे टेकलंच, धडक म्हणता येणार नाही. रिक्षावाला उतरला. त्याने मागचा पत्रा पाहिला, माझे पांढरे केस पाहिले, चौकात टांगलेला कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा दोन मजली फलक पाहिला, आणि म्हणाला, "जाऊ द्या माय. पन ब्रेक दाखवून घ्या एकडाव."

तो विसरून गेला असेल. पण चौकात माझ्या धाकट्या भावाचा, मधूचा, एक मित्र उभा होता. मधूला बातमी मी घरी पोचायच्या आधी पोचली आणि त्याच संध्याकाळी त्याने माझ्या घरी बैठक बोलावली. बैठकीला तो, त्याची बायको शोभा आणि मी एवढेच होतो, तरी मधूने घसा असा साफ केला की मागे शंभर खुर्च्या मांडल्या असाव्यात. तो सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला आहे. आता निर्णय लादायला त्याच्याकडे घरचीच माणसं उरली आहेत.

"ताई, तू चौसष्टची झाली," तो म्हणाला. "गाडी बारा वर्षांची झाली. दोघींनी आता आराम करा."

"मी आराम करून राहिली होती. तूच आला."

"चेष्टा नको करू. आज रिक्षा होती, उद्या माणूस असन."

मी म्हटलं, "दोष ब्रेकचा आहे."

"ब्रेकचा का पायाचा, ते कोन ठरवन?"

मधूने नुकतीच मोठी गाडी घेतली होती. तिचा ताबा घेण्याच्या सोहळ्याला मी हजर होते. शोरूममध्ये ती लाल सॅटिनखाली झाकून ठेवली होती. संगीत सुरू झालं, कापड ओढलं गेलं, केक कापला गेला, दहाबारा कर्मचाऱ्यांनी एका तालात टाळ्या वाजवल्या आणि मधूला शाल देऊन त्याच्या हाती पुठ्ठ्याची, लहान मुलाएवढी किल्ली ठेवण्यात आली. त्या गाडीने तोवर शोरूमचा उंबराही ओलांडला नव्हता. माझी छोटी गाडी बारा वर्षं मला न कुरकुरता नेत-आणत होती. तिला दसऱ्याच्या झेंडूपलीकडे काही मिळालं नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. मी ब्रेक दुरुस्त करून घ्यायचे. मग गाडी घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढायचा आणि उतरायचा. गाडी आपल्या चाकांवर नागपुरात परत आली तर मधू हा विषय पुन्हा काढणार नाही. दुसऱ्या गाडीने ओढत आणावी लागली तर किल्ली त्याची. तोवर 'तात्पुरती' म्हणून जोडकिल्ली त्याने खिशात टाकलीदेखील.

मी त्याचं वाक्य संपायच्या आत हो म्हटलं. मी एकटी राहते, पस्तीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढून निवृत्त झाले आहे, आणि माझ्या गरजा थोड्या आहेत. पण किल्ली गेली की कुठेही निघताना आधी कुणाला तरी कारण सांगावं लागणार. 'सहज' हे कारण आमच्या घरात बायकांसाठी कधीच ग्राह्य धरलेलं नाही.

उमरेड रोड

प्रवासाची सुरुवात गावातच झाली, आणि चुकीच्या दिशेने. रामदासपेठेच्या बाजूला काळ्या काचांचं एक दुकान आहे. आत दागिन्यांच्या दुकानासारखे दिवे, भिंतीवर टांगलेली चकचकीत चाकं आणि छातीत धडधडेल असं संगीत. तिथल्या तरुणाने माझी गाडी काचेतूनच पाहिली.

"मॅडम, सतरा इंची टाका. टायर एकदम पातळ. गाडीचा ॲटिट्यूडच बदलून जाते."

"मले ॲटिट्यूड नको आहे. थांबायचं आहे."

"थांबते ना मॅडम! लोकंच थांबून पाहते."

मी त्याला विचारलं, ब्रेकचं काय? तो म्हणाला, ब्रेकच्या कॅलिपरला लाल रंग देऊन मिळेल. जाळीतून छान दिसतो.

तिथून मी उमरेड रोडवर पराते मिस्त्रींकडे गेले. आमचं मूळ घर उमरेडचं, विणकरांचं. वडिलांच्या पिढीपर्यंत घरात हातमाग होता. पराते मिस्त्रीही त्याच समाजातले. त्यांच्या वडिलांनी माग विकला आणि मुलाला गॅरेजात टाकलं. पण सवयी रक्तात राहतात. हा माणूस ब्रेकच्या डिस्कवरून नख फिरवतो तेव्हा डोळे मिटून घेतो, माझे आजोबा धोतराचा पोत पाहताना घ्यायचे तसे.

त्यांनी मागची चाकं काढली, आतले ड्रम उघडले आणि मला वाकून बघायला लावलं. आत सगळं ओलं आणि काळं होतं.

"हे पाहा मॅडम. सिलिंडर गळून राहिलं. तेल सारं लायनरवर. मागं ब्रेक नव्हताच तुमचा."

"मग इतके दिवस गाडी थांबत कशी होती?"

"सवयीनं," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे तिरकं पाहून, "त्या दिवशी पुरा दाबला होता ना तुमी?"

मी विचारलं, पुढचं काय करायचं?

पुढचं म्हणजे असं. त्याच कंपनीच्या वरच्या मॉडेलची मोठी डिस्क आणि तिला चिमटीत धरणारा मोठा कॅलिपर माझ्या गाडीला बसतो. पण मग जुनी तेरा इंची चाकं चालत नाहीत, कॅलिपरला घासतात. चौदा इंची चाकं घ्यावी लागतात आणि त्यावर जरा रुंद टायर. त्याहून मोठं घेतलं तर स्टिअरिंग जड होतं, खड्ड्यात रिम वाकते. मागे ड्रम जुनेच, फक्त आतलं सगळं नवं.

"चाक मोठं केलं तं लोकाईले दिसते," मिस्त्री म्हणाले. "ब्रेक मोठा केला तं कोनाले दिसत नाही. म्हनून लोकं चाकं घेते."

"मले न दिसणारं पाहिजे."

"मंग शनिवारी या."

शनिवारी मी गेले तेव्हा चार नवी चाकं बसली होती, साधी, राखाडी, कुणी वळून पाहणार नाही अशी. मिस्त्रींनी खिशातून पांढऱ्या सुताची गुंडी काढली. एक धागा तोडला आणि पुढच्या चाकाची रिम आणि कॅलिपर यांच्यामधल्या फटीतून आरपार ओढला. धागा अडला नाही. "सूत गेलं म्हंजे चाक फिरन," ते म्हणाले. मग तोच सोहळा उरलेल्या तीन चाकांशी केला, मागे कॅलिपर नसतानाही. मधूच्या शोरूमच्या टाळ्यांपेक्षा मला हा विधी पटला. त्यात कुणाला शाल द्यावी लागत नाही.

डिकीतलं जादा चाक, म्हणजे आमच्याकडे ज्याला स्टेपनी म्हणतात ते, मिस्त्रींनी धुऊन, हवा भरून, चकाचक करून जागेवर ठेवलं होतं. तेरा इंची, जुनं, काळ्या लोखंडी रिमचं. मी ते पाहिलं आणि कौतुक केलं. सूत त्यातून कुणी ओढलं नाही.

काटोल, जलालखेडा, वरूड

पुढच्या शनिवारी सकाळी निघालो. मधू त्याच्या मोठ्या गाडीत, माझ्या मागे, 'निरीक्षणासाठी'. शोभा त्याच्या गाडीत बसायची होती, पण ती पिशवी घेऊन सरळ माझ्याकडे आली.

"काहून गं?" मी विचारलं.

"त्या गाडीत माहे पाय लटकते, ताई. शाळेतल्या बाकावर बसल्यासारखं वाटते."

शोभा कमी बोलते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक तिने मधूचं ऐकण्यात घालवली आहेत. म्हणून काटोलपर्यंत मीच बोलत होते. नव्या ब्रेकबद्दल मला इतकं काही कळलं होतं की ते कुणाला सांगितल्याशिवाय राहवेना. पुढे डिस्क का, मागे ड्रम का, ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे कसं येतं, म्हणून पुढच्या चाकांवर जास्त काम कसं पडतं. शोभाने डोळे मिटले. मी आवाज कमी केला, पण थांबले नाही.

काटोलच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा सुरू होतात. बाहेरचे लोक नागपूरला संत्रानगरी म्हणतात. नागपुरात संत्र्याचं झाड शोधावं लागतं. ती सगळी इकडे आहेत. जानेवारीच्या उन्हात धुळीने पांढरी झालेली, मधे मोसंबीचे पट्टे, विहिरींवर मोटारी, बांधावर टेकवलेल्या मोटारसायकली. रस्ता चांगला होता आणि मी ताशी साठच्या थोडी वर होते.

जलालखेड्याच्या अलीकडे एक म्हातारा बागेतून मोटारसायकलवर निघाला आणि थेट रस्त्याच्या मधोमध आला. पाठीवर फवारणीचा पंप होता, मान समोर होती, नजर कुठेच नव्हती. मी ब्रेक दाबला.

ते मी नीट सांगते, कारण त्याचसाठी हा सगळा खटाटोप होता. जुन्या गाडीत ब्रेक दाबला की आधी पाय खाली जायचा, मग विचार करायला वेळ मिळायचा, मग गाडी डावीकडे ओढायची आणि नाइलाजाने थांबायची. या वेळी पाय जिथे गेला तिथेच अडला. गाडीने नाक खाली केलं, सरळ रेषेत, न ओरडता, आणि उभी राहिली. म्हाताऱ्याच्या चाकापासून माझ्या बंपरपर्यंत एक माणूस आडवा झोपला असता. शोभाची पिशवी तेवढी पुढे गेली. आरशात मधूच्या गाडीचं तोंड वाढत वाढत गेलं, टायरांचा किंकाळीसारखा आवाज झाला, आणि आरशात फक्त त्याच्या गाडीचा बिल्ला उरला.

मी काच खाली केली. "काहून गा दादा, पाहून निंघत नाही?"

"पाहूनच निंघलो ना बाई," म्हातारा शांतपणे म्हणाला. "वाटलं तुमी थांबान."

"नसते थांबले तर?"

त्याने यावर खरोखर विचार केला. "पन थांबल्या ना," तो म्हणाला, आणि पंपाच्या पट्ट्यातून हात काढून खिशातली दोन मोसंबी मला दिली. मागून मधू हॉर्न वाजवत होता. म्हाताऱ्याने त्याच्या गाडीकडे बघितलं आणि विचारलं, "ते कोन आमदार होय का?"

"नाही," मी म्हटलं. "भाऊ आहे."

"असं असं," तो म्हणाला. मधूला मोसंबी मिळाली नाही.

वरूडला जेवण केलं. आमच्या नागपुरात सावजीच्या पाटीखाली तिखटाची स्पर्धा चालते. इथे एका घरगुती खाणावळीत रोडगे, वांग्याची भाजी आणि वर वाटीभर तूप मिळालं. रोडगे गोवऱ्यांत भाजलेले होते आणि कुणालाही काही सिद्ध करायचं नव्हतं. मधूने जेवताना मान्य केलं की गाडी थांबली. "पन ते सपाट रस्त्यावर," तो म्हणाला. "घाटात कळन."

चिखलदरा

परतवाडा सोडलं की रस्ता सातपुड्यात शिरतो आणि सागाची झाडं दोन्ही बाजूंनी जवळ येतात. हिवाळ्यात त्यांची पानं ताटाएवढी, तपकिरी, अर्धी खाली पडलेली. चढताना गाडीने तक्रार केली, पण ती इंजिनाची. ब्रेकला वर जाताना काम नसतं. दर वळणावर वानरं कठड्यावर ओळीने बसली होती, समोर काही कार्यक्रम असल्यासारखी.

वर पोचल्यावर थंडीने कान दुखायला लागले. चिखलदऱ्यात कॉफी पिकते, असं ठिकठिकाणी लिहिलेलं आहे. मी मोठ्या आशेने मागवली. हॉटेलात मिळाली ती पुडीतली. विचारल्यावर वेटर म्हणाला, "इथली बाहेर जाते, बाहेरची इथं येते." रबडी मात्र तिथलीच होती, धुराचा किंचित वास असलेली, आणि आम्ही ती दोनदा मागवली.

दरीच्या तोंडावर गावाच्या नावाची माणसाच्या उंचीची अक्षरं उभी केली आहेत, सोबत एक लाल हृदय. लोक दरीकडे पाठ करून अक्षरांचे फोटो काढत होते. मधूने शोभाला हृदयाशेजारी उभं केलं. तिने विचारलं, "दरी येते का मागं?" तो म्हणाला, "दरी काहाले पायजे?"

संध्याकाळी मी एकटी कठड्याशी उभी राहिले. खाली धुकं भरत होतं आणि रस्ता त्यात वळणं घेत नाहीसा झाला होता. उद्या तो उतरायचा होता. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि ती ब्रेकची नव्हती. मधूने विचारलेला प्रश्न, ब्रेकचा दोष की पायाचा, मी त्याच्यापेक्षा जास्त वेळा स्वतःला विचारला होता.

घाट

रविवारी सकाळी धुकं उठल्यावर निघालो. पराते मिस्त्रींनी बजावलं होतं, ब्रेक कितीही चांगला असो, उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा. इंजिनाला गाडी धरू द्यायची, ब्रेक फक्त लागेल तिथे. मी ते अक्षरशः पाळलं. इतकं की एका एसटीने आम्हाला मागे टाकलं आणि खिडकीतल्या एका बाईने सहानुभूतीने पाहिलं.

पाचसहा किलोमीटर झाले असतील. एका वळणावर समोरून जीप आली, मी डाव्या कडेला घेतली, आणि खाली कपची निघालेल्या दगडावर पुढचं डावं चाक चढलं. आवाज फार मोठा नव्हता. उशी फाटल्यासारखा. टायरच्या बाजूला बोटभर चीर पडली होती.

मधू गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. ती खरी होती, हे मी मान्य करते. तिच्या खाली दुसरंही काही होतं.

"स्टेपनी आहे," मी म्हटलं. "दहा मिनिटांचं काम."

जॅक लावला, नट काढले, फाटकं चाक बाजूला ठेवलं. डिकीतून चकाचक जुनं चाक काढलं, उचलून हबवर ठेवलं. ते बसेना. ढकललं, फिरवलं, पुन्हा ढकललं. आत कुठेतरी लोखंडाला लोखंड लागत होतं आणि चाक हातात डुगडुगत होतं. मी खाली बसून आत पाहिलं. नव्या, मोठ्या, न दिसणाऱ्या, माझ्या अभिमानाच्या कॅलिपरला तेरा इंची रिम अडकत होती. मिस्त्रींनी मला हेच सांगितलं होतं, जुनी चाकं चालत नाहीत. आम्ही दोघांनीही ते चारच चाकांबद्दल धरलं होतं.

मी मिस्त्रींना फोन लावला. मेळघाटात फोन हे घड्याळ असतं.

मधू माझ्याशेजारी वाकला आणि त्याने बराच वेळ आत पाहिलं. मग सरळ उभा राहून त्याने हात झटकले. "ताई," तो म्हणाला, आणि आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागला, "तू प्रयत्न केला. कोनी नाही म्हननार नाही. मी खाली जातो, परतवाड्याहून क्रेन आनतो. किल्ली दे."

कठड्यावरची वानरं आमच्याकडे बघत होती. मी किल्ली मुठीत धरली. चौसष्टाव्या वर्षी घाटाच्या मधोमध, तीन चाकांच्या गाडीशेजारी, हातात न बसणारं चाक घेऊन उभं राहिलं की बाणेदार वाक्यं आठवत नाहीत.

"मागचं पुढं आना ना," शोभा म्हणाली.

ती दगडावर बसून मोसंबी सोलत होती.

"काय?" मधू म्हणाला.

"मागचं नवं चाक काढा, ते पुढं लावा. अन् हे जुनं मागं." तिने बी थुंकली. "मागं तं जुनाच ड्रम आहे, म्हने. ताई काटोलपर्यंत तेच सांगत होत्या."

"तू झोपली होती ना?" मी म्हटलं.

"डोये मिटले होते."

मधूला हे पटायला वेळ लागला. त्याला वाटत होतं की चाकांना जागा ठरवून दिलेल्या असतात. "असं कसं कोनतंही चाक कुठंही लावाचं?"

"अवो, माह्या मायचं लुगडं फाटलं का ते मधीच फाटे," शोभा म्हणाली. "टोकं चांगलीच राहे. मंग ते मधून कापून दंड घाले. चांगलं टोक मधी आनाचं, जिथं ताण येते तिथं. अन् कमजोर ते कडीले, खोसाच्या जागी. तेच लुगडं आखीन दोन वर्सं." तिने मोसंबीची एक फोड त्याला दिली. "गाडीचा ताण पुढं असते, असं ताई म्हनते. मंग चांगलं पुढं द्या."

आमच्या दोन्ही घरांत दंड घातलेली लुगडी होती. मी लहानपणी मधल्या शिवणीवर बोट फिरवत झोपत असे. पस्तीस वर्षं पुस्तकांत घालवून मला ते आठवलं नाही, आणि शोभाला मोसंबी सोलताना आठवलं.

फाटकं चाक परत लावलं, गाडी खाली घेतली, जॅक मागे नेला. उतार होता, म्हणून बाकी चाकांखाली दगड लावायचे होते. मधूने न सांगता दगड आणले. मोठे, चांगले दगड, एक एक करून, त्याच्या निवृत्तीनंतरच्या पांढऱ्या बुटांनिशी. जुनं चाक मागे बसलं, पहिल्याच झटक्यात, घरी आल्यासारखं. मागचं नवं चाक पुढे गेलं. मी त्याच्या फटीतून शोभाच्या पदराचा एक सुटा धागा ओढून पाहिला. तो आरपार गेला.

"हे काय करून राहिली?" मधूने विचारलं.

"तपासणी," मी म्हटलं.

गाडीत बसण्याआधी त्याने शेवटचा प्रयत्न केला. "पन आपल्या चाकांवर परत यायचं ठरलं होतं. हे चाक तं सेटमधलं नाही."

"ठरलं होतं 'आपल्या चाकांवर'. पाचवंही माझंच आहे. बारा वर्षांपासून."

मग आम्ही उतरलो, आणखी हळू. घाटाच्या पायथ्याशी वनखात्याच्या नाक्यावर मी थांबले आणि मधूची वाट पाहिली. तो दहा मिनिटांनी आला. त्याच्या मोठ्या गाडीच्या चारही चाकांतून जळकट वास येत होता. तो पूर्ण घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरला होता. नाक्यावरच्या पहारेकऱ्याने लांबूनच हात करून गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि बादली आहे का पाहायला आत गेला.

"पानी टाकू नका, तसंच थंड होऊ द्या," मी ओरडले.

"नवीन गाडी आहे," मधू म्हणाला. "सुरुवातीले वास येते."

अर्धा तास आम्ही सागाखाली बसलो. दुसरं मोसंबं तिघांत वाटलं.

नागपूर

परतवाड्याच्या पंक्चरवाल्याने बाजूची चीर पाहून मान हलवली. उरलेला प्रवास तीन राखाडी चाकं आणि एक काळं अशाच गाडीने झाला. काटोल नाक्याच्या सिग्नलवर मोटारसायकलवरच्या एका तरुणाने खाली वाकून चाकं पाहिली आणि विचारलं, "काकू, ही नवीन फॅशन होय का?" मी हो म्हटलं.

सोमवारी पराते मिस्त्रींकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी बराच वेळ डोक्यावरून हात फिरवला. "चारच चाकं पाहिली मी," ते म्हणाले. मग शेजारच्या खुंटीवरून सूत काढलं, चौदा इंची एक लोखंडी रिम आणली, आधी पुढच्या हबवर लावून धागा ओढला आणि मगच ती डिकीत ठेवली. आता त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीची डिकी आधी उघडली जाते. एका गिऱ्हाइकाला ते म्हणाले, ही उमरेडची पद्धत आहे.

मधूने शब्द पाळला. परतलो त्याच रविवारी रात्रीच्या जेवणाआधी त्याने खिशातून जोडकिल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. पुठ्ठ्याची नव्हती, टाळ्या झाल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाला, "ब्रेक चांगले आहे, ताई." त्यानंतर त्याने विषय काढलेला नाही. शोभा दर बुधवारी माझ्याकडे येते आणि आम्ही सहज कुठेतरी जातो. परतताना शेवटच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी ती चालवते. पाय पोचतात.

मधू असलं काही वाचत नाही, म्हणून एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते. मागचा सिलिंडर खरंच गळत होता, मागे ब्रेक खरंच नव्हता, आणि ते सगळं बदललं हे योग्यच झालं. पण व्हेरायटी चौकात त्या सकाळी त्याचा काही संबंध आला नाही. ब्रेक मी दाबलाच नव्हता. मी वाढदिवसाच्या फलकावरची शुभेच्छुकांची नावं मोजत होते.

त्रेचाळीस होती.